पैऱ्याचा बैल आणि हायड्रोजन

माझ्या काकीवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते: मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी सव्वासहा वाजता, गंगावेशीतल्या एका क्लासच्या वरच्या खोलीत, अठरा बायकांच्या देखत. काकीचा उपवास होता, सकाळपासून पोटात फक्त दोन केळी. मी तिला गाडीवरून घरी न्यायला आले होते आणि दारात उभी होते. म्हणजे हे ऐकीव नाही.

तो क्लास दहावीत अडकलेल्या बायकांचा. कुणाचं गणित राहिलेलं, कुणाचं इंग्रजी. काकीचं विज्ञान. नववीत असताना तिचं लग्न झालं, मग वीस वर्षं ऊस, म्हशी आणि दोन पोरं. गेल्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून परीक्षेला बसली. सगळे विषय निघाले, विज्ञान राहिलं. जुलैत फेरपरीक्षा होती, पण जुलैत रानात भांगलणही होती, आणि तण काही बोर्डाचं वेळापत्रक बघून उगवत नाही.

येणारा मार्च मात्र हातचा घालवून चालणार नव्हतं. आमचं गाव कळंब्याच्या पुढं. गावातल्या दूध संस्थेत दुधाचा फॅट मोजायच्या मशीनवर बसणारे गृहस्थ निवृत्त होणार होते. जागा जूनमध्ये भरायची, अट दहावी पास. चेअरमन काकीला म्हणाले होते, "वहिनी, जूनपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं न्हाय." वीस वर्षं जी बाई किटली घेऊन मशीनच्या अलीकडं उभी राहिली आणि सांगतील तो फॅट मुकाट ऐकून घरी आली, तिला पलीकडच्या खुर्चीत बसायचं होतं. तिचं मागणं एवढंच होतं.

तर त्या गुरुवारी सरांनी चाचणीचे पेपर परत दिले. प्रश्न होता: सहसंयुज बंध म्हणजे काय ते हायड्रोजनच्या रेणूवरून स्पष्ट करा. तीन मार्क. काकीचं उत्तर सरांनी वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"दोन शेतकरी आहेत. दोघांकडे एकएकच बैल. एका बैलावर औत चालत नाही. मग दोघे पैरा करतात. तुझा एक, माझा एक, जोडी दोघांची. ती ह्याच्या रानात पण चालते आणि त्याच्या रानात पण. हायड्रोजनच्या अणूकडे एकच इलेक्ट्रॉन आहे. त्याला दोन पाहिजेत. म्हणून दोन अणू आपापला इलेक्ट्रॉन सामाईक करतात आणि ती जोडी दोघांची होते."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बघा, ह्या बाई केमिस्ट्रीच्या पेपरात बैल घेऊन आल्यात. पुढच्या वेळी वैरणपण आणतील!"

वर्ग हसला. ज्यांच्या स्वतःच्या घरी गोठा आहे त्या बायकाही हसल्या, ह्याचा मला जास्त राग आला. उत्तरावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली होती. मार्क शून्य.

रंकाळा तलावापर्यंत काकी गाडीवर मागं पेपराची घडी घालत-उलगडत बसली होती. मग म्हणाली, "त्या क्लासातली बाकडी लई अरुंद हायत."

शहरातल्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. पैरा ही आमच्याकडं आजही चालणारी गोष्ट आहे. आज मी तुझ्या रानात राबते, उद्या तू माझ्या. बायकांची भांगलण अशीच होते. आणि ऊस गुडघ्याच्या वर गेला की ट्रॅक्टर आत घालता येत नाही, तिथं बैलच लागतात. माझ्या काकाकडं एक बैल आहे, शेजारच्यांकडं एक. दोन्ही घरांत एका वेळी एकाच बैलाचं खाणं परवडतं. त्यामुळं गेली कित्येक वर्षं आमच्या उसाची भरणी, म्हणजे बुडाला माती चढवणं, आणि त्यांच्या उसाची भरणी एकाच जोडीनं होते. काकीनं ते उत्तर कुठल्या गाईडमधून उचललेलं नव्हतं, परसदारी बघून लिहिलेलं होतं.

मी एमएला आहे, राज्यशास्त्र. त्याखेरीज विद्यार्थी संघटनेचं काम करते. वसतिगृहाचं पाणी, बसचा पास, मुलींच्या कॉलेजबाहेरचा बंद दिवा, सगळ्यावर पत्रकं लिहिलेली आहेत. पत्रक कसं लिहायचं हे मला झोपेतून उठवून विचारा. अन्याय कुणावर, कधी, कुठं, हे पहिल्या दोन ओळींत. शेवट मागणीवर. मध्ये एक अशी घोषणा की वाचणाऱ्यानं कागद खिशात घालता कामा नये, पुढच्याला दिला पाहिजे.

त्याच रात्री जेवणाआधी पत्रक तयार झालं. मथळा: "बैलाला शून्य का?" आणि मधली घोषणा माझ्या मते आजवरच्या सगळ्यांत भारी होती: "रसायनशास्त्रच सांगते, बंध तुटतात तेव्हाच ऊर्जा बाहेर पडते! अपमानाचे बंध तोडा!" पिवळ्या कागदावर तीनशे प्रती छापून घेतल्या. पुढच्या गुरुवारी क्लास सुटताना दारात उभं राहून वाटायच्या, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं. काकीला विचारलं नव्हतं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसांना ही एक खोड असते, आणि ती मला आहे हे मी त्या रविवारी शिकले.

रविवारी गठ्ठा घेऊन रानात गेले. काकी आणि शेजारची मावशी भांगलत होत्या. पैऱ्यात त्या दिवशी आमच्या रानाची पाळी होती. काकीनं खुरपं खोचून ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि पत्रक वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मी कौतुकाची वाट बघत बांधावर बसले होते.

"चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"हे. बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते म्हणून लिवलंयस ते. उलटं हाय की."

"काकी, मी बारावीला सायन्सला होते."

"व्हय? मग पुस्तकात का न्हाय तसं?"

मावशीला मजा यायला लागली होती. "आगं, शिकलेली पोरगी हाय ती. तिला कशाला इचारतीस? तीनशे कागद छापल्यात म्हंजी खरंच असणार."

काकीनं मला घरी नेलं. आमच्या परड्यात गोबर गॅस आहे, माझ्या आजोबांच्या वेळचा, दोनदा दुरुस्त केलेला. स्वयंपाकघरात त्याची शेगडी. काकीनं कॉक फिरवला. गॅस सुटल्याचा बारीक आवाज आला. काडी लावली नाही.

"पेटला का?"

"काडी लाव की मग पेटंल."

"का लावायची? तुझ्या पत्रकात तर बंध तुटला की आपसूक ऊब निघती. मग तुटू दे की."

तिनं कॉक बंद केला, खिडकी उघडली, जरा वेळ जाऊ दिला. मग पुस्तक काढून त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. पानाला पिठाचे डाग होते. त्या ओळीत साध्या मराठीत लिहिलं होतं की बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि नवा बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते. बारावीला मी हे नक्की वाचलं असणार. पण घोषणेत जे छान बसतं तेच खरं, असं मध्ये कधीतरी माझं होऊन गेलं होतं.

"आता बघ," म्हणून तिनं काडी लावली. निळा जाळ उठला. त्यावर तिनं रांजणातलं गार पाणी भरलेलं पितळी पातेलं ठेवलं आणि लगेच उचलून मला त्याचं बूड दाखवलं. बुडाला घाम आला होता. बारीक बारीक थेंब.

"पातेलं गळत न्हाय. हे पाणी कुठनं आलं?"

मी पातेल्याच्या बुडाला बोट लावून बघितलं. मग हळूहळू उजाडलं. गोबर गॅसमधला मिथेन: एक कार्बन, त्याला चार हायड्रोजन. काडीच्या उबेनं त्या जोड्या सुटतात. हवेतल्या ऑक्सिजनच्याही सुटतात. मग कार्बन ऑक्सिजनशी जोडी जमवतो, हायड्रोजनही ऑक्सिजनशी जमवतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जमले की पाणी. ते बुडाला लागलं होतं. आणि ह्या नव्या जोड्या जुन्यांपेक्षा घट्ट, त्या जमताना जी ऊर्जा सुटली तिच्यावर आमच्या घरात आजवर भात शिजत आलाय.

"बैल एकटा बांधला की बघितलायस न्हवं?" काकी म्हणाली. "दाव्याला हिसके देतो, हंबारतो. जोडीत आला की निवांत. अणूचं तसंच हाय. जुळताना जेवढा निवांत झाला तेवढी ऊब भायेर टाकली. आता तुला त्यो परत सोडवायचा झाला तर तेवढी ऊब तूच द्याची."

मी पत्रकांच्या गठ्ठ्याकडं बघितलं. तीनशे.

"आन् दुसरं," ती म्हणाली, "तुझं पत्रक वाचून मला मार्क पडणार हाईत का?"

मी गठ्ठा उलटा करून ठेवला.

मग आम्ही दोघी बसलो. त्या दिवशी दुपारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत रोज, धारा काढायच्या आधी एक तास. पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजू कामाला आल्या. काकी त्यांच्यावर इलेक्ट्रॉन-ठिपक्यांच्या आकृत्या काढायची: मधे कार्बनची खूण, चारी बाजूंना दोन दोन ठिपके. मी आधी तिला शिकवायला बसले होते. दुसऱ्या दिवसापासून ती मला प्रश्न विचारायला लागली.

"जोडी जुळली म्हंजी नेमकं काय झालं? दोरी बांधली का?"

दोरी नाही, हे मला माहीत होतं. पण मग काय, ते सांगता येईना. ग्रंथालयात जाऊन वाचून आले. अणूच्या मध्यात केंद्रक, त्याच्यावर धनभार. इलेक्ट्रॉनवर ऋणभार. दोघांची ओढ. एकट्या हायड्रोजनमध्ये एकच केंद्रक एका इलेक्ट्रॉनला ओढतं. दोन अणू जवळ आले की मधल्या जागेत दोन्ही इलेक्ट्रॉन वावरतात आणि त्यांना दोन्ही केंद्रकं ओढतात. त्या ओढीनंच दोन अणू एकमेकांपाशी टिकतात. बंध म्हणून वेगळी वस्तू कुठं नसतेच.

काकीनं हे ऐकलं आणि कागदावर दोन केंद्रकं काढून मधे दोन ठिपके दिले. मग म्हणाली, "म्हंजी माझा बैल एका ठिकाणी लंगडतोय."

"कुठं?"

"पैऱ्यातला बैल सांजच्याला आपापल्या गोठ्यात जातो. आमच्या बैलाची शिंगं तांबडी, त्येंच्या बैलाची हिरवी. जोडीत असला तरी कुणाचा कंचा ते लांबनं कळतंय. इलेक्ट्रॉनच्या शिंगाला कुठं रंग हाय? एकदा मिसळला की ह्येचा कंचा आन् त्येचा कंचा, कोण सांगणार?"

वर्गात कुणी तिला हे विचारलं असतं तर! मला सरांचा पुन्हा राग आला. पण ह्या वेळी रागाबरोबर थोडी लाजही होती. मीही तिला विचारलं नव्हतं, सरळ छापखान्यात गेले होते.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी घरी लक्ष्मीची मांडणी झाली. चौरंगासमोर काकीनं रांगोळी काढली: मधे चार पांढरे ठिपके, प्रत्येकाच्या शेजारी कुंकवाचा एक, आणि बाहेरून पाच वर्तुळं एकमेकांत अडकवलेली. हळदीकुंकवाला आलेली मावशी दारातच थांबली.

"ही कंची नवी रांगोळी गं?"

"मिथेन."

"म्हंजी?"

"गोबर गॅस."

"आगं बया!" मावशीनं पाय मागं घेतला. "देवीपुढं गोबर गॅस काढलीस?"

"पांढरं ठिपकं कार्बनचं, तांबडं हायड्रोजनचं. रंग आपल्याला कळाया घातल्यात. त्येंना न्हाईत."

मावशीनं वाकून नीट बघितलं, ठिपके मोजले आणि म्हणाली, "आठ हाईत व्हय मधल्याकडं. बराबर बसलंय." आणि कुंकू लावून घेतलं. काकीच्या तोंडावर मी त्या दिवशी जे समाधान बघितलं ते कुठल्या मोर्च्यात बघितलेलं नाही.

संध्याकाळी क्लासला गेलो. मागून कोरी राहिलेल्या पत्रकांतली शंभरेक माझ्या पिशवीत होती. चुकीची घोषणा निळ्या पेनानं खोडून ती वाटावीत असा माझा विचार होता. काकी म्हणाली, "तू दारात थांब. तोंड उघडायचं न्हाय."

सरांनी वर्ग सुरू करायच्या आत ती उभी राहिली. मागच्या गुरुवारचा लाल फुलीचा पेपर हातात.

"सर, माझं बैल कुठं चुकलं ते सांगा. मी ते सोडणार न्हाय, पन चुकलं असंल तर दुरुस्त करतो."

पुन्हा हसू फुटणार होतं, पण तिच्या आवाजामुळं फुटलं नाही. सरांनी पेपर घेतला. ह्या वेळी मनात वाचला. दिवसभर शाळा करून संध्याकाळी क्लास घेणारा तो दमलेला माणूस होता, हे मला दारातून पहिल्यांदा दिसलं. बाहीवर खडूची पूड तशीच होती.

"व्याख्या कुठाय?" ते म्हणाले. "आकृती कुठाय? बोर्डाचा परीक्षक कोकणातला असंल नाहीतर विदर्भातला. त्याला तुमचा पैरा काय माहीत? तो आधी व्याख्या शोधणार."

"हे मागल्या टायमाला सांगायचं होतं की. तुमी वैरण काढली."

आता वर्ग हसला, पण सरांना. सरही थोडे हसले. मग त्यांनी विचारलं, बहुतेक तिला अडवायलाच, "बरं, पाणी सांगा बैलावर. पाण्यातसुद्धा सहसंयुज बंध आहे. पण ऑक्सिजन ती जोडी आपल्याकडं जास्त ओढतो. ते कसं बसवणार?"

काकीनं क्षणभरसुद्धा घेतला नाही. "पाटलाबरबर पैरा केल्यागत."

"म्हणजे?"

"जोडी म्हणायला दोघांची. पन सदा त्येच्याच रानात."

खोलीत जो हशा झाला तो खाली रस्त्यावर ऐकू गेला असणार. एक बाई बाकावर हात आपटून म्हणाली, "माझ्या धाकट्या दिराचं आन् आमचं असंच हाय बघा!" सर पाठमोरे होऊन फळ्यावर पाण्याचा रेणू काढायला लागले. काढता काढता म्हणाले, "म्हणून ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋणभार, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धनभार. लिहून घ्या. पाटील लिहू नका."

त्यांनी माफी मागितली नाही. हे मी इथं नोंदवून ठेवते, कारण मागायला हवी होती. पण त्यांनी शून्य खोडलं आणि दोन केले. आणि काकीला म्हणाले, "परीक्षेत आधी व्याख्या, मग आकृती. बैल शेवटाला बांधायचा."

"बांधतो," काकी म्हणाली.

पत्रकं मी पिशवीतून काढलीच नाहीत. मार्चपर्यंत त्यांच्या मागच्या बाजूवर काकीनं सगळी कार्बनी संयुगं काढली. मीठही काढलं, त्यात सोडियमचा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडं जातो आणि मग विरुद्ध भारांमुळं दोघं एकमेकांना धरून बसतात. त्या आकृतीखाली तिनं लिहिलं होतं: "हा पैरा नाही. बैल दिलाच." पिवळ्या कागदांचा तो गठ्ठा अजून फडताळात आहे. संघटनेत मला कुणी विचारलं की तुझं सर्वांत उपयोगी पडलेलं पत्रक कुठलं, तर मी तेच सांगते. त्याची एकही प्रत वाटली गेली नाही.

मार्चमध्ये काकीनं पेपर लिहिला. बाहेर आल्यावर मी विचारलं, बैल बांधलास का? म्हणाली, "शेवटची एक वळ. आकृतीच्या खाली. जागा हुती." जूनमध्ये निकाल लागला. विज्ञान निघालं. चेअरमननी शब्द पाळला.

आता सकाळी सहाला काकी संस्थेत मशीनच्या पलीकडं बसते. मला सुट्टी असली की मी किटली घेऊन रांगेत उभी राहते, मुद्दाम. परवा मावशी माझ्या पुढं होती. काकीनं आकडा मोठ्यानं वाचला आणि मशीन फिरवून मावशीला दाखवलासुद्धा. ती प्रत्येकीला दाखवते. वीस वर्षांत कुणी दाखवला नव्हता.

"कमी लागला की गं," मावशी म्हणाली. "पैऱ्यातली म्हणून तरी वाढीव लाव."

"दुधाला रंगवल्याली शिंगं न्हाईत मावशी, मशीनला तुमचं-आमचं कळत न्हाय. फुडं या."

आता मागणी. मी पत्रकवाली आहे, मागणीशिवाय मला थांबता येत नाही.

तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, दहावीत अडकलेली एक बाई आहे. नाही म्हणू नका, आहे. हे वाचून झालं की उठा आणि तिला विचारा, कुठल्या विषयाला अडली. ती सांगायला लागली की मध्ये बोलू नका, तिच्या उत्तरात बैल आला तर हसू नका, शेवटपर्यंत ऐका. आणि फॉर्मची मुदत संपायच्या आत तिला गाडीवर बसवून शाळेत घेऊन जा.